पेडलवरचा पाय

ब्रेकमधली हवा काढताना पेडलवर पाय कुणाचा असावा, याबाबत दोरांदो बालुगानीच्या गॅरेजात एकच नियम होता: जो गाडी चालवणार, त्याचा. मग तो गावचा नोटरी असो नाहीतर चीजच्या कारखान्याचा मालक असो, कोट काढून खुर्चीवर ठेवायचा, गाडीत बसायचं आणि दोरांदो सांगेल तसं पेडल दाबायचं. "उद्या वळणावर तुझ्याबरोबर मी नसणार," तो म्हणे. "तुझा पाय असणार. त्याची ओळख आजच करून घे." शेवटचा शब्दही त्या पायाचाच. काम झालं असं वाटलं की दोरांदो एकदाच विचारी, "हो की नाही?" आणि चालवणाऱ्याने 'हो' म्हटल्याशिवाय एकावन्न वर्षांत एकही गाडी त्या शटरबाहेर गेली नव्हती. 'नाही' मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तशी वेळच त्याने कधी येऊ दिली नव्हती.

सेर्राबियांकाच्या घाटातली शर्यत दर वर्षी जूनच्या दुसऱ्या रविवारी असे, आणि आदल्या शनिवारी सकाळी नीव्हेसचा पाय त्या पेडलवर असे. नीव्हेस त्याच्या बहिणीची मुलगी. वय एक्केचाळीस. एरवी ती खाली सास्सुओलोला फरश्यांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करी. भट्टीतून निघालेल्या तुकड्यावर झिलईला तडा का गेला हे शोधणं तिचं काम. मामाला साठी उलटली तेव्हा त्याने स्वतःची शर्यतीची गाडी तिच्या हवाली केली. छोटी, उघडी, दोन माणसांची, फिक्या निळ्या रंगाची ती गाडी त्याने तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधून काढली होती. घरात तिला नाव नव्हतं. सगळे नुसतं 'ती' म्हणत.

आज सकाळी साडेनऊला ती चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेली होती आणि दोरांदो तांब्याचा हातोडा घेऊन पुढच्या चाकापाशी बसला होता. या गाडीच्या चाकाला एकच नट, मधोमध, त्याला दोन पंख. पंखावर हातोडा मारून ते सोडवायचं. डाव्या बाजूचं एका दिशेने सुटतं, उजव्या बाजूचं उलट दिशेने. म्हणजे गाडी पळताना कुठलंच आपोआप ढिलं होत नाही. तांब्याचा आवाज भरीव आणि बसका होता. तिसऱ्या ठोक्याला नट सुटलं.

"अरे, हळू! चर्चची घंटा वाटून बायका घराबाहेर पडतील," लेआर्को म्हणाला.

लेआर्को दुकान बंद केलेला खाटीक. दोरांदोचा शाळेपासूनचा सोबती. दर शनिवारी तो या गॅरेजात, दाराजवळच्या उलट्या खोक्यावर, काहीही न करता बसे आणि जे चाललंय त्यावर बोलत राही.

"बायका बाहेर पडल्या तरी तुझ्याकडे कोण बघणार आहे?" दोरांदो म्हणाला. "नीव्हेस, चाक धर."

तिने चाक उतरवून भिंतीला टेकवलं. चाक निघाल्यावर जे दिसे ते पाहताना, इतक्या वर्षांनंतरही, तिचा श्वास क्षणभर थांबे. डिस्क. ताटाएवढी लोखंडी चकती. बाकी गाडीचा कुठलाच भाग घाटाबद्दल काही सांगत नसे, पण डिस्क सगळं लिहून ठेवी. कडेला गव्हाच्या काडीचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, आणि आत एक निळी कड. नीव्हेसला त्या रंगांची भाषा येत होती. भट्टीसमोर तिने आयुष्य काढलं होतं. इथे लोखंड इतकं तापलं, इथे त्याहून अधिक. मागच्या जूनमधलं प्रत्येक वळण तिथे गोल फिरत नोंदलेलं होतं.

दोरांदोने डिस्कवर अंगठा आणि बोट चिमटीसारखं धरलं, डोळे मिटले आणि बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत सरकवत नेलं. "अकरा आणि चार," तो म्हणाला.

नीव्हेसने मायक्रोमीटर लावला. अकरा मिलिमीटर आणि चार दशांश. तिने तीन ठिकाणी मोजलं. तिन्हीकडे तेच.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"तू म्हणालास तेच."

"मग ते चांगलं आहे. ठेव," तो म्हणाला.

लेआर्को हसला, पण नीव्हेस हसली नाही. ज्या डोळ्यांना ते आकडे आता वाचता आले नसते ते मामाने मिटून घेतले होते, हे तिला माहीत होतं. डिसेंबरात मोदेनाच्या डॉक्टरने सांगितलं होतं: नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आहे आणि तो आता जाणार नाही. कडेचं दिसेल, ज्याच्याकडे नीट बघावं तेच पुसल्यासारखं होईल. नाताळच्या जेवणात, सगळ्यांसमोर, रसातला तोर्तेल्लीनी पास्ता ताटात निवत असताना दोरांदोने जाहीर केलं होतं, "हात शाबूत आहेत तोवर गॅरेज चालेल. ज्या दिवशी पेडलवर बसलेला माणूस 'नाही' म्हणेल, त्या दिवशी शटर खाली. मग कुणी रडायचं नाही." तो दिलेला शब्द पाळतो हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

जानेवारीत नीव्हेस आणि लेआर्कोने मिळून त्याच्यासाठी एवढंच केलं होतं की, कामाचं लांब टेबल आतल्या अंधाऱ्या भिंतीपासून ओढत समोरच्या भिंतीला, खिडकीखाली आणून लावलं होतं. त्यावरची एकही वस्तू त्यांनी हलवली नव्हती. दोरांदो पंधरा दिवस कुरकुरला आणि मग उजेडात काम करू लागला.

ब्रेकचे पॅड काढून पाहिले, अजून दोन शर्यती पुरतील असे होते. चाकाची बेअरिंग हलवून पाहिली. रबरी नळ्या वाकवून तडे शोधले. सगळं ठीक होतं. पुढची दोन्ही कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते जाड धातूचे पंजे, दोरांदोने शरद ऋतूत उतरवून, आतली रबरं बदलून ठेवली होती आणि मे महिन्यात परत बसवली होती. त्याने त्यांना रंगही दिला होता, काळा, एकही ओघळ नसलेला.

"चल, बस," तो म्हणाला.

नीव्हेस बूट काढून, नुसत्या मोज्यांत गाडीत बसली. हेही त्याचंच शिकवणं. बुटातून फक्त जोर कळतो, मोज्यातून बाकीचं.

सगळ्यात लांबचं चाक आधी, मागचं उजवं. दोरांदो जमिनीवर आडवा झाला. कॅलिपरच्या टोकाला हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू असतो, त्याला गॅरेजात निपल म्हणत. त्यावर त्याने पारदर्शक नळी चढवली, नळीचं दुसरं टोक बरणीत बुडवलं, निपलला पाना लावला.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

पाना अर्धा वळला आणि तिच्या पायाखालचं पेडल हळूच जमिनीकडे गेलं. पाना बंद झाला.

"सोड."

'सोड' ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला तर नळीतून हवा उलट आत जाते आणि सकाळभराचं काम वाया जातं. पहिल्या वर्षी तिने एकदा उचलला होता.  मामाने पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात केली होती.

बरणीत जुनं ब्रेक ऑइल उतरू लागलं, गडद तपकिरी.

"नोचिनो!" लेआर्को म्हणाला. "माझ्या आईच्या हातची अक्रोडाची दारू अशीच दिसायची. एक पेला भर रे."

"पी. उद्या शर्यतीऐवजी तुझ्या मयताला येतो," खालून आवाज आला. "दाब."

वर्षभरात ते हवेतली ओल पितं, हे नीव्हेसला माहीत होतं. ओल शिरलेलं ऑइल तापलं की त्याला उकळी फुटते, उकळीची वाफ होते, आणि वाफ दबते. द्रव दबत नाही, एवढ्याच एका गोष्टीवर हा सगळा खेळ उभा होता. पायाचा जोर एका बोटभर रुंद दट्ट्याला मिळतो, तिथून पेन्सिलीहून बारीक नळ्यांत शिरतो, कोपऱ्याकोपऱ्यांवर वळतो आणि तरी वाटेत थेंबभरही सांडत नाही. चारी चाकांशी तो एकाच क्षणी, वाढूनच पोचतो. साडेसातशे किलोंचं वजन तिच्या तळव्याखालच्या एका चमचाभर द्रवाच्या हालचालीने थांबतं. हे समीकरण तिने सतराव्या वर्षी फळ्यावर सोडवलं होतं. त्यात दाब दोन्हीकडे सारखा, असं एका ओळीत लिहिलेलं असतं. पेडलवर पाय ठेवून त्या ओळीकडे पाहिलं की आजही तिला देवळात शिरल्यासारखं वाटे.

मागची दोन्ही चाकं झाली. बरणीतलं ऑइल पांढऱ्या वाइनसारखं फिकट झालं. मग पुढचं उजवं.

इथे एक गोष्ट घडली जी नीव्हेसने पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. आडवं होऊन मामाने पाना धरलेला हात सरळ वर, कॅलिपरच्या पुढच्या टोकाकडे नेला. पाना हवेत फिरला. त्याला काही लागलं नाही. हात थबकला. मग चाचपडत मागे आला, मागच्या टोकाशी त्याला निपल सापडलं.  नीव्हेसने पटकन समोर, काचेतून बाहेर बघितलं. डोळे, तिच्या मनात आलं. आणि त्याच्याही मनात तेच आलं असणार, कारण त्यानंतरचा 'दाब' जरा हळू होता.

पुढचं डावंही झालं. बुडबुडे थोडे आले, मग थांबले. नळीतून स्वच्छ, सलग धार.

नीव्हेसने पेडल दाबलं. ते खाली गेलं, थांबलं. आणि तिने जोर वाढवल्यावर आणखी थोडं गेलं. पाय सैल केला तसं वर आलं.

"मामा, अजून एकदा घेऊ या पुढची?"

"घे."

दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदाही. बरणी दोनदा भरून रिकामी झाली. नळीत एकही बुडबुडा नव्हता. पेडल मात्र तसंच. दाबून धरलं की ते हळूहळू खचत जात नव्हतं. खचत असतं तर कुठेतरी गळती आहे असं म्हणता आलं असतं. ते लवत होतं, ताज्या रिकोट्टा चीजवर बोट दाबावं तसं. कुठेतरी हवा होती. डाळीच्या दाण्याएवढी, फार तर बोराएवढी. आणि ती बाहेर यायला तयार नव्हती.

साडेबारा वाजले. चारच्या आत गाडी चौकात, शर्यतीआधीच्या तपासणीला पोचायला हवी होती.

लेआर्कोने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या गरम 'क्रेशेंतीने' रोट्या काढल्या, मधोमध चिरल्या आणि लसूण घातलेली डुकराची चरबी आत फासली. "खा. रिकाम्या पोटी बाई आणि गाडी, दोघी ऐकत नाहीत."

कुणी हसलं नाही. दोरांदोने खाल्लं नाही. हात पुसत तो उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता, म्हणजे तिला नीट पाहता यावं म्हणून जरा बाजूला बघत, म्हणाला, "माझ्याकडून झालं. हो की नाही?"

उद्या सातव्या वळणाआधी ती एकशे चाळीसच्या वेगात असेल. डावीकडे दरी, दगडी कठडा गुडघाभर. तिथे हे पेडल पहिल्यांदा लवेल, आणि उतरताना, डिस्क तापलेल्या असताना, कदाचित जमिनीलाच टेकेल. 'हो' म्हणणं म्हणजे त्या कठड्यावर विश्वास ठेवणं. 'नाही' म्हणणं म्हणजे हे शटर. आणि तिसरं काही म्हणायची सोय त्या गॅरेजात नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

लेआर्कोने घास खाली ठेवला. "अगं, पेडल नाही म्हणतंय की तू? पुन्हा दाबून बघ. उपाशी पाय आहे तुझा."

"लेआर्को," दोरांदो म्हणाला. "तिला विचारलं, तिने सांगितलं."

त्याने पाना जागेवर टांगला. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला अडकवला आणि बाहेर पायरीवर, उन्हात जाऊन बसला. पाठ ताठ होती. खाली दरीत कुणीतरी आपली गाडी गरम करत होतं; आवाज चढे, उतरे, चढे.

नीव्हेस गाडीतून उतरली. काय करावं ते सुचेना तेव्हा तिने नेहमीचं काम हाती घेतलं. ब्रेक ऑइल रंग खातं. हवा काढून झाली की कॅलिपर पाण्याने धुवायचं. निपलमधून सुटलेला थेंबभर ओघळ दर वर्षी कॅलिपरच्या पाठीवरून उतरत मागच्या टोकापर्यंत जाई, कारण डिस्कच्या माथ्यावर ते तिरकं बसवलेलं होतं, मागचं टोक पुढच्यापेक्षा दोन बोटं खाली. तिने बादली आणि फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसली आणि काळ्या पाठीवर फडकं फिरवलं.

फडकं कोरडंच निघालं.

तिने पुन्हा फिरवलं. पाठीवर ओघळ नव्हताच. मग तिने खाली पाहिलं. सगळे थेंब सरळ जमिनीवर पडले होते, एकाच जागी, नाण्याएवढ्या डागात. ती पलीकडच्या चाकापाशी गेली. तिथेही तसंच.

ती थंड फरशीवर गाल टेकून आडवी झाली आणि थेंब जिथून पडला होता तिथे वर पाहिलं. निपल मागच्या टोकाला होतं. दोन बोटं खालच्या टोकाला. ऑइल तिथून खुशाल बाहेर पडत होतं आणि हवा, हवेच्या स्वभावाला अनुसरून, पुढच्या उंच टोकाशी जाऊन आरामात बसली होती. बरणीवर बरण्या ओतल्या असत्या तरी तिला धक्का लागला नसता. दोन्ही कॅलिपर, आरशातल्यासारखी एकमेकांची उलटी, अदलाबदल होऊन बसली होती. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे.

पाना हवेत फिरला होता, ते तिला आठवलं. मामाचा हात सरळ पुढच्या टोकाकडे गेला होता. निपल जिथे असायला हवं, तिथे. हाताने बरोबर सांगितलं होतं. ते दोघांनीही ऐकलं नव्हतं, कारण डिसेंबरापासून दोघांनी सगळा दोष आधीच डोळ्यांच्या नावावर लिहून ठेवला होता.

पण मग बसवताना चूक झालीच कशी? ती उठून बसली. हे त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? शिकाऊ माणसाची चूक, एकदा नाही, दोन्ही बाजूंना. दोरांदो वस्तूंवर कधी खूण करत नसे. खूण करतो तो आठवण गमावलेला माणूस, असं त्याचं म्हणणं. डावीकडच्या वस्तू डाव्या हाताला, उजवीकडच्या उजव्या हाताला. जागा हीच खूण. तिने टेबलाकडे पाहिलं. मग टेबलामागच्या खिडकीकडे. मग वळून समोरच्या, आतल्या भिंतीकडे, जिथे प्लास्टरवर लांबट फिकट पट्टा अजून होता.

ती उठून उभी राहिली.

"मामा," तिने हाक मारली. "जरा आत ये."

"तपासणीवाल्यांना फोन कर. वाट बघत बसतील."

"आधी आत ये. काहीतरी दाखव मला."

तो आला. तिने त्याचं कोपर धरलं आणि त्याला आतल्या भिंतीपाशी, त्या फिकट पट्ट्यासमोर नेऊन उभं केलं.

"इथे टेबल आहे असं समज. ऑक्टोबर आहे. कॅलिपर तयार झालीत. ठेव."

दोरांदोने तिच्याकडे रोखून पाहिलं, म्हणजे तिच्या कानाकडे. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि हात पुढे केले. हवेत, कमरेच्या उंचीवर, त्याचे तळवे नसलेल्या टेबलावर टेकले. "हा शिकंजा," तो म्हणाला, आणि मधोमध हवेत मूठ वळली. "ही कानस. हा स्प्रिंगांचा डबा." प्रत्येक वस्तूपाशी बोटं तिच्या आकाराची होत होती, डब्यापाशी गोल, कानशीपाशी चिमटी. खोक्यावरून उठून लेआर्को जवळ आला होता. "डावं कॅलिपर इथे, फडक्यात." डावा हात दाराच्या बाजूला गेला. "उजवं इथे." उजवा हात आतल्या कोपऱ्याच्या बाजूला.

"डावं दाराकडे," नीव्हेस म्हणाली.

"डावं डाव्या हाताला."

"हो. आणि तो हात दाराकडे आहे. आता टेबल जिथे आहे तिथे चल."

ती त्याला खोली ओलांडून खिडकीपाशी घेऊन गेली. टेबल तेच, वस्तू त्याच क्रमाने. तो त्याच्यासमोर उभा राहिला, खिडकीकडे तोंड करून.

"डावा हात कर."

त्याने केला. हात आतल्या कोपऱ्याकडे गेला.

दोरांदो तसाच उभा राहिला. हात लांबवलेला, खिडकीतलं ऊन बोटांवर. मग त्याने मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं, पुन्हा टेबलाकडे. नीव्हेसला त्याच्या चेहऱ्यावर एक अख्खी खोली गर्रकन फिरताना दिसली.

"टेबल नुसतं सरकलं," तो हळूच म्हणाला. "मी उलटा झालो."

"आम्ही तुला उलटा केला. मी आणि लेआर्कोकाकांनी. दोन्ही कॅलिपर अदलाबदल झालीत, निपल खालच्या टोकाला आलंय. हवा पुढे अडकून बसली आहे. तुझा हात सकाळी पुढेच गेला होता, मामा. मी पाहिलं. त्याला ठाऊक होतं."

दोरांदोने आपला उजवा हात उचलून डोळ्यांसमोर धरला, मग जरा बाजूला नेला, म्हणजे दिसेल असा. बराच वेळ तो त्या हाताकडे बघत राहिला. एखादा माणूस आपल्याबद्दल खरं बोलला होता आणि आपण त्याला वेड्यात काढलं, तशा नजरेने.

"मला वाटलं, हा पण गेला," तो म्हणाला.

"घ्या!" लेआर्कोला शेवटी राहवलं नाही. "पंधरा दिवस तू आमच्या नावाने खडे फोडलेस, टेबल हलवलं टेबल हलवलं म्हणून. मला वाटलं, म्हातारा खुळावला. आणि शहाणा तूच निघालास. आता मी तोंड कुठे लपवू?"

"तोंड राहू दे. जाऊन पाना आण," दोरांदो म्हणाला. "एक वाजून गेला."

पुढच्या दोन तासांत नीव्हेसने त्या हातांकडे अधूनमधून नुसतं पाहिलं. ते कुठेही अडखळले नाहीत. डावं कॅलिपर डावीकडे गेलं, उजवं उजवीकडे, बोल्ट आपापल्या जोराने आवळले गेले. मग ती पुन्हा मोज्यांत पेडलवर बसली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

पाना थेट पुढच्या टोकाकडे गेला आणि पहिल्याच झटक्यात निपलवर बसला. अर्धा वळला. आधी काहीच झालं नाही. मग नळीत एक बुडबुडा आला, मसुराएवढा. तो काचेच्या मण्यासारखा थरथरत वर सरकला. त्याच्यामागून आणखी एक, त्याच्यामागून लांबट, बोटाच्या पेरभर, पोकळ, चकाकणारा. बरणीत जाऊन तो फुटला तेव्हा इवलासा, घशात अडकल्यासारखा आवाज झाला. लेआर्कोने टोपी काढली. चेष्टा म्हणून काढली असेल. पण लगेच घातली नाही.

एवढीशी ती पोकळी. तिला ना वजन होतं, ना रंग. आणि तिच्यामुळे एक गॅरेज बंद झालं होतं.

दुसऱ्या बाजूचीही निघाली. नीव्हेसने पेडल दाबलं. ते दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं. तिने सगळा जोर लावला. जणू पायाखाली डोंगर होता.

चाकं चढली, तांब्याचा हातोडा वाजला, घोड्या निघाल्या. दोरांदो उभा राहिला.

"हो की नाही?"

"हो," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, दाराच्या चौकटीवरून जुडगा काढला आणि खिशात टाकला. मग टेबलापाशी जाऊन दोन रिकामे ट्रे ओढून तिच्यासमोर ठेवले. "यांच्यावर लिही. डावं, उजवं. मोठ्ठं लिही, पांढऱ्या रंगाने. कडेने बघितलं तरी दिसेल असं."

"तू खुणा करत नाहीस ना?"

"खोली फिरते हे मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी शटरबाहेर निघाली. चौकात जाण्याआधी कपेलापर्यंतचा, म्हणजे रस्त्याकडेच्या छोट्या प्रार्थनाघरापर्यंतचा, उतार एकदा उतरून पाहायचा, हेही ठरलेलं. एरवी ती एकटी जाई. आज दोरांदो न विचारता शेजारी येऊन बसला आणि त्याने उजवा तळवा गाडीच्या तळावर टेकवला.

उतार सुरू झाला. दोन्ही बाजूंनी चेस्टनटची झाडं मागे पळू लागली. नीव्हेसने वेग वाढू दिला, आणखी वाढू दिला, आणि कपेलाच्या भिंतीच्या अलीकडे, जिथे रस्ता दरीवर उघडतो तिथे, पाय दाबला.

डोंगराने गाडी हातात घेतली, असं तिला वाटलं. ना ओढ, ना थरथर. चारी चाकांनी एकाच वेळी जमीन धरली आणि सगळं वजन, सगळा वेग, झाडं, वारा, तिच्या तळव्याखालच्या त्या चमचाभर द्रवात येऊन शांत झालं. गाडी उभी राहिली. समोर पूर्ण दरी, खाली नदीची पांढरी रेघ, आणि पलीकडे एकामागे एक फिकट होत गेलेले डोंगर.

दोरांदोचा तळवा अजून तळावर होता. तो समोर पाहत होता, जरासा बाजूला वळून, म्हणजे दरी कडेच्या नजरेत येईल असा. इंजिन हळू धडधडत होतं. नीव्हेस वाट बघत राहिली. पाय तिने उचलला नव्हता.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सोड."